मुलाखतीस जातांना : गांवच्या उमेदवारांकरितां एक धडा

गेल्या वर्षभरांत तीन निरनिराळ्या गांवांच्या शिक्षकांनीं आम्हांस एकच गोष्ट कळविली. ती ही कीं, आमचीं मुलेंमुली लेखी परीक्षा उत्तीर्ण होतात, घरीं पेढे वाटले जातात, आणि मग मुलाखतीहून तीं मान खालीं घालून परत येतात. ह्याचें कारण काय व त्यावर उपाय काय, असा त्यांचा प्रश्न आहे. म्हणून ह्या आठवड्याचा धडा आम्हीं ह्याच विषयास दिला आहे. सर्व प्रकारच्या नोकऱ्यांविषयीं एकदम बोलूं गेल्यास कोणाचेंच हित होणार नाहीं. यास्तव आम्ही एकच जागा समोर ठेवितों, ती म्हणजे ग्रामीण बँकेंतील अधिकाऱ्याची पहिली पायरी. जो मुलगा ज्वारी खुडण्यांत व बैल पाण्यावर नेण्यांत वाढला, त्याचें लहानपणचें ज्ञान जेथें उपयोगीं पडतें, अशी ही नोकरी आहे.

प्रथम ज्या घरीं जावयाचें त्या घराची माहिती असावी. सोयरीक पाहावयास जाणारा मनुष्यहि त्या घरची शेती किती, विहिरीस पाणी किती, हें विचारून जातो. परंतु आमचे उमेदवार ज्या बँकेंत तीस वर्षें घालवूं म्हणतात तिचें मुख्य कार्यालय कोठें आहे हेंहि न पाहतां निघतात. ग्रामीण बँका २६ सप्टेंबर १९७५ च्या अध्यादेशानें निघाल्या, त्यांतील पहिल्या पांच २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाल्या, आणि १९७६ सालीं त्यांचा कायदा झाला. नरसिंहम् यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें त्यांची शिफारस केली होती. भांडवलांत केंद्र सरकारचा वांटा ५० टक्के, राज्य सरकारचा १५ टक्के व पुरस्कर्त्या बँकेचा ३५ टक्के, अशी मूळ वांटणी आहे. आपल्या राज्यांत पूर्वीं दोन ग्रामीण बँका होत्या. १ मे २०२५ पासून त्या एक होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक हीच राहिली. तिचें मुख्य कार्यालय छत्रपति संभाजीनगर येथें असून पुरस्कर्ती बँक ऑफ महाराष्ट्र आहे. जुन्या पुस्तकावर विसंबणारा उमेदवार आजहि दोन बँकांचीं नांवें सांगतो, आणि समोर बसलेल्या मंडळींस तेवढ्यावरून पुष्कळ कांहीं कळून येतें.

आतां गुणांचा हिशेब पाहूं, कारण पुष्कळांस वाटतें कीं मुलाखत म्हणजे नुसता उपचार, आणि तितक्याच पुष्कळांस वाटतें कीं सगळें तेथेंच ठरतें. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. कारकुनाच्या जागेस आतां मुलाखत होतच नाहीं. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून खालच्या वर्गाच्या जागांकरितां ती बंद केली. अधिकाऱ्याच्या जागेस मात्र मुलाखत आहे, व ती १०० गुणांची असते. तींत निदान ४० टक्के, व राखीव वर्गांतील उमेदवारांस ३५ टक्के गुण मिळावे लागतात. शेवटच्या यादींत मुख्य परीक्षेस ८० व मुलाखतीस २० असें वजन दिलें जातें. समजा, एकास मुलाखतींत ४५ व दुसऱ्यास ७० गुण पडले. अंतर २५ गुणांचें. त्याचा पांचवा भाग म्हणजे अंतिम शंभरांपैकीं ५. मुख्य परीक्षा २०० गुणांची असल्यामुळें हे ५ म्हणजे त्या परीक्षेंतील साडेबारा गुणांइतके झाले. ज्यानें मुख्य परीक्षेंत दहा गुण अधिक मिळविले असतील, तोहि एवढ्या अंतरानें मागें पडेल. अर्ध्या घड्याळाच्या गोष्टीकरितां महिनाभर तयारी कां करावी, असें विचारणाऱ्यास हाच हिशेब दाखवावा. अटी दरवर्षीं जाहिरातींत छापल्या जातात. त्या शेजाऱ्याच्या तोंडून न ऐकतां स्वतः वाचाव्या.

कागदपत्रांविषयीं थोडें अधिक लिहिणें प्राप्त आहे, कारण गांवच्या उमेदवाराचा पाय बहुधा येथेंच अडखळतो. कॉल लेटर, फोटो असलेलें ओळखपत्र, जन्मतारखेकरितां दहावीचें प्रमाणपत्र, पदवीचीं सर्व गुणपत्रें, आणि कोठें नोकरी असल्यास तेथील ना-हरकत पत्र, एवढें तरी मूळ व नकलांसह एका पिशवींत असावें. नांवांतील फरक हा मोठा घातकी असतो. दहावीच्या दाखल्यावर एक नांव, आधारवर दुसरें. विवाहित भगिनींचें आडनांव तर अर्ध्या कागदांवर माहेरचें व अर्ध्यांवर सासरचें. हें मुलाखतीच्या आदल्या रात्रीं सुधारत नाहीं. त्याकरितां दोन महिने अगोदर तहसीलचे खेटे घालावे लागतात. इतर मागासवर्गाचें प्रमाणपत्र राज्याच्या कामास वेगळ्या नमुन्यांत व केंद्राच्या कामास वेगळ्या नमुन्यांत असतें, हेंहि विसरूं नये. राज्याचा नमुना घेऊन गेलेल्या मुलास आम्हीं रडतांना पाहिलें आहे.

ह्याच ठिकाणीं एक नाजूक गोष्ट उघडपणें बोलली पाहिजे. आमच्या मंडळ्यांतील कित्येक घरीं आजोबांच्या किंवा वडिलांच्या वेळचा अनुसूचित जातीचा दाखला पेटींत जपून ठेवलेला आहे, आणि मुलगा अर्ज भरूं लागला म्हणजे कोणी तरी हितचिंतक म्हणतो, ‘तोच लाव, कोण पाहतो?’ अनुसूचित जातींविषयींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणें हा दर्जा हिंदूंस, १९५६ पासून शिखांस व १९९० पासून बौद्धांस आहे. ख्रिस्ती मनुष्यास नाहीं. हा नियम न्याय्य आहे कीं नाहीं हा प्रश्न निराळा, व त्याविषयींची दाद मोठ्या न्यायालयांत वर्षानुवर्षें मागितली जात आहे. परंतु जोंवर कायदा असा आहे, तोंवर तो दाखला लावणें म्हणजे खोटें लिहून देणें होय. २६ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या एका स्त्रीचा असाच दावा फेटाळला. आणि २०१७ सालींच त्या न्यायालयानें ठरविलें आहे कीं, जातीचा दाखला रद्द झाला म्हणजे किती वर्षें नोकरी झाली हें न पाहतां ती जाते. वयाच्या चाळिशींत, पदरीं दोन मुलें असतांना, घर बांधण्याचें कर्ज डोक्यावर असतांना नोकरी जाणें काय असतें, ह्याचा विचार तो हितचिंतक करीत नाहीं. अनुसूचित जमातींस धर्माची अशी अट नाहीं. आपलें घर खरोखर कोणत्या वर्गांत मोडतें तें तहसील कचेरींत विचारून, जें मिळेल तेंच लावावें. कांहीं न मिळाल्यास खुल्या वर्गांतून अर्ज करावा.

आतां प्रत्यक्ष प्रश्नोत्तरांकडे वळूं. आम्हीं स्वतः तेविसाव्या वर्षीं एका शाळेंत शिक्षकाच्या जागेकरितां मुलाखत दिली होती. दोन महिने आम्हीं जगांतील देशांच्या राजधान्या पाठ केल्या. समोर तिघेजण होते. त्यांतील वृद्ध गृहस्थांनीं चष्मा पुशीत विचारलें, ‘तुमच्या गांवांत विहिरी किती? वैशाखांत कोणत्या विहिरीस पाणी राहतें?’ ज्या गांवांत आमचा जन्म गेला तेथल्या विहिरी आम्हीं कधीं मोजल्या नव्हत्या. आम्हीं अंदाजानें ‘वीसेक’ म्हणालों. ते म्हणाले, ‘वीस, कीं वीसेक?’ त्यापुढें आमच्या तोंडून एकहि धड वाक्य निघालें नाहीं. जागा मिळाली नाहीं, व तें योग्यच झालें असें आज वाटतें.

ग्रामीण बँकेच्या मुलाखतींत हेंच घडतें. उमेदवारास त्याच्या जिल्ह्याविषयीं विचारतात. तालुक्यांत मुख्य पीक कोणतें, सोयाबीन कीं कापूस. एकरीं उतारा किती. माल कोणत्या बाजार समितींत जातो. दुधाचा धंदा आहे काय. बचत गट किती व त्यांचीं कर्जें फिटतात काय. गांवापासून बँकेची शाखा किती दूर आहे. हीं उत्तरें कोणत्याहि मार्गदर्शकांत सांपडणार नाहींत. तीं बांधावर बसलेल्या चुलत्यास, गटाच्या अध्यक्षाबाईंस, सोसायटीच्या सचिवास विचारून वहींत लिहावीं लागतात. एका संध्याकाळीं एकाकडे गेल्यास पंधरा दिवसांत ती वही भरते. शिक्षक बंधूंनीं हें काम आपल्या उमेदवाराकडून करवून घ्यावें.

त्याबरोबर बँकेच्या कामाचें ज्ञान हवें. पीककर्जाकरितां किसान क्रेडिट कार्ड १९९८ सालीं निघालें. तीन लाखांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीककर्जास ७ टक्के व्याज, आणि वेळेवर फेडणाऱ्यास ३ टक्क्यांची सूट मिळून ४ टक्के, हें माहीत असावें. तारणावांचून शेतीकर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाख झाली. नाबार्ड १२ जुलै १९८२ रोजीं स्थापन झाली, व तिनें १९९२ सालीं ५०० गटांपासून बचत गटांस बँकांशीं जोडण्याचें काम आरंभिलें. थकीत कर्ज केव्हां म्हणावें, ह्यावर प्रश्न हमखास येतो: सर्वसाधारण कर्ज ९० दिवस थकल्यास, परंतु थोड्या मुदतीच्या पिकांकरितां दिलेलें कर्ज दोन हंगाम थकल्यास, व दीर्घ मुदतीच्या पिकांकरितां दिलेलें एक हंगाम थकल्यास. हा फरक कां केला आहे, हें शेतकऱ्याच्या मुलास कोणीं शिकवावें लागूं नये. पीक विकल्यावांचून पैसा येत नाहीं, आणि पीक महिन्याच्या एक तारखेस निघत नाहीं, एवढें त्यानें आपल्या शब्दांत सांगितलें तरी समितीचें समाधान होतें.

माहिती ताजी पाहिजे. पीकविम्याचेंच उदाहरण घ्या. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. आपल्या राज्यांत २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्यास एका रुपयांत विमा मिळत असे. २०२५ च्या खरिपापासून तें बंद होऊन खरिपास २ टक्के, रब्बीस दीड टक्का व नगदी पिकांस ५ टक्के हा हप्ता पुन्हां लागूं झाला. ज्यानें दोन वर्षांपूर्वींचें पुस्तक विकत घेतलें तो ‘एक रुपया’ म्हणून मोकळा होतो; ज्याच्या वडिलांनीं हप्ता भरला त्यास खरें उत्तर घरींच ठाऊक असतें. व्याजाचे दर व रिझर्व्ह बँकेचा रेपो दर हे तर मुलाखतीच्या आदल्या दिवशींच पाहून जावे.

‘स्वतःविषयीं सांगा’ हा बहुधा पहिलाच प्रश्न. ह्यास उत्तर म्हणून वंशावळ सांगूं नये. दीड दोन मिनिटांत गांव, शिक्षण, केलेलें काम व ही नोकरी कां हवी, इतकें पुरे. त्यापुढील प्रश्न त्याच उत्तरांतून निघतात. म्हणून जें उच्चारावें त्याची जबाबदारी घ्यावी. ‘मला वाचनाचा छंद आहे’ असें म्हणणाऱ्यास शेवटचें पुस्तक कोणतें वाचलें हें विचारणारच. छंद नसेल तर नाहीं म्हणावें. शेळ्या राखण्यांत सुटी गेली असेल तर तसें सांगावें. शेळ्यांच्या कर्जाचीच शाखेंत दररोज गरज पडते.

मग समिति एखादा अनुभव विचारते: अडचणीचा प्रसंग कोणता आला, तुम्ही काय केलें? येथें आमचे उमेदवार गुळमुळीत बोलतात. सांगण्याचा क्रम सोपा आहे: प्रसंग कोणता होता, त्यांत तुमच्याकडे काय काम होतें, तुम्हीं स्वतःच्या हातानें काय केलें, आणि त्याचें फळ काय झालें. एका मुलीकडून आम्हीं हें करवून घेतलें. तिच्या आईच्या बचत गटांत १२ बाया, दर महिन्यास प्रत्येकीचे १०० रुपये. एका महिन्यांत वहींतील जमा पेटींतील रकमेहून ४०० रुपयांनीं अधिक निघाली, व एकमेकींवर संशय येऊं लागला. ही मुलगी प्रथम म्हणाली, ‘आम्हीं मिळून तो प्रश्न सोडविला.’ आम्हीं विचारलें, तूं काय केलेंस? तेव्हां कळलें कीं, तिनें रात्रीं कंदिलाशीं बसून सहा महिन्यांच्या नोंदी व प्रत्येकीचें कार्ड ताडून पाहिलें, आणि चार जणींचे हप्ते दोनदां लिहिले गेल्याचें शोधून काढलें. गट मोडतां मोडतां वांचला. इतकी मोलाची गोष्ट ती एका ‘आम्ही’ खालीं झांकून टाकीत होती! आम्ही ह्या पानांत रिवाजाप्रमाणें ‘आम्ही’ म्हणून लिहितों खरें; परंतु उमेदवारानें मुलाखतींत ‘मी’ म्हणावें. स्वतःच्या हातचें काम स्वतःचें म्हणून सांगणें हा गर्व नव्हे.

असे अनुभव विचारण्यास आधारहि आहे. १९९८ सालीं श्मिट व हंटर ह्या दोघां संशोधकांनीं नोकरभरतीच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसलें कीं, सर्वांस ठराविक प्रश्न विचारून ठराविक रीतीनें गुण दिलेली मुलाखत ही मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षां मनुष्याच्या पुढील कामाचा अंदाज अधिक चांगला देते. २०२२ सालीं झालेल्या फेरतपासणींत आंकडे कमी झाले, तरी ठराविक प्रश्नांची मुलाखत वरच्याच स्थानीं राहिली. उलट, शहरांतील क्लासांत जें सांगतात कीं मनुष्याच्या बोलण्यांतील शब्दांस अवघें सात टक्के महत्त्व असून बाकी सर्व हावभाव व आवाज, तें निव्वळ गैरसमजाचें आहे. मेहरेबियन यांनीं १९६७ सालीं केलेले ते प्रयोग सुट्या शब्दांतून आवडनिवड कशी समजते एवढ्यापुरतेच होते; सबंध उत्तराशीं त्यांचा संबंध नाहीं. ह्या ‘सात टक्क्यां’करितां पांच हजार रुपये फी भरणाऱ्या बापाची आम्हांस कींव येते.

तथापि वागण्याचें एक अंग गांवच्या मुलांस शिकवावें लागतें. वडील माणसांसमोर डोळे वर करूं नयेत, विचारल्यावांचून बोलूं नये, आवाज हळू ठेवावा, हा आमच्या घरांतील संस्कार. तो वाईट नाहीं. परंतु समितीसमोर जमिनीकडे पाहणारा मुलगा कांहीं तरी लपवीत आहे असें तिला वाटतें. जो विचारतो त्याच्याकडे पाहून, शेवटच्या खुर्चीवरील मनुष्यास ऐकूं जाईल इतक्या आवाजांत बोलावें. मुलींस हें अधिक जड जातें. ‘लग्न झाल्यावर बदलीच्या गांवीं जाल काय?’ असाहि प्रश्न त्यांस कधीं येतो. तो मुलांस कां येत नाहीं हें समितीनें स्वतःस विचारावें. मुलीनें न चिडतां ‘बदलीची अट वाचूनच मीं अर्ज केला आहे’ एवढेंच म्हणावें. कपडे स्वच्छ व इस्त्री केलेले असले म्हणजे झालें; उसन्या कोटाच्या बाह्या सांवरतांना उत्तर सुचत नाहीं.

जें येत नाहीं तें ‘क्षमा करा, हें मला ठाऊक नाहीं’ म्हणून सांगावें. तीन चार वेळां असें म्हटल्यानें कोणी नापास होत नाहीं. थापा मारणारा मात्र दुसऱ्याच उपप्रश्नास उघडा पडतो. बँकेंत लोकांचा पैसा हाताळावयाचा असतो, त्यामुळें अज्ञानापेक्षां बनवाबनवीचें भय समितीस अधिक वाटतें. इंग्रजी मोडकी असल्यास लहान वाक्यें करावीं. ग्रामीण बँकेस स्थानिक भाषेचें ज्ञान लागतेंच, व तें आमच्या मुलांजवळ भरपूर आहे.

सराव कसा करावा? शाळेच्या किंवा प्रार्थनामंदिराच्या खोलींत तीन खुर्च्या मांडाव्या. एकीवर गांवचे शिक्षक, दुसरीवर सोसायटीचे सचिव किंवा निवृत्त तलाठी, तिसरीवर एखादी न घाबरणारी बाई बसवावी. उमेदवारानें बाहेरून येऊन नमस्कार करावा, ‘बसा’ म्हटल्यावर बसावें. वीस मिनिटें प्रश्न. मोबाईलवर तें सर्व टिपून घेऊन त्यास ऐकवावें. आपण प्रत्येक वाक्याआधीं ‘म्हणजे’ म्हणतों हें मनुष्यास दुसऱ्यानें सांगून पटत नाहीं. आठवड्यांतून दोनदां, असा महिनाभर.

एका सापळ्याची सूचना देतों. लेखी निकाल लागला कीं उमेदवारास फोन येतात: ‘मुलाखतींत गुण वाढवून देतों, पन्नास हजार पाठवा.’ अशा मनुष्याजवळ देण्यासारखें कांहीं नसतें. तुमची निवड तुमच्याच गुणांवर झाली तर तो पैसे ठेवितो, न झाली तर फोन बंद करितो. शेत गहाण टाकून असे पैसे दिलेलें एक कुटुंब आमच्या ओळखीचें आहे. पैसे गेलेच असतील तर लाज न धरतां तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

मुलाखतीच्या दिवशीं पहिल्या एस. टी.वर भरंवसा ठेवूं नये. आदल्या संध्याकाळींच त्या शहरीं जाऊन मुक्काम करावा, व ठिकाण पाहून ठेवावें. परत येतांना, गाडींत बसल्याबरोबर, विचारलेले सर्व प्रश्न व आपण दिलेलीं उत्तरें वहींत लिहून काढावीं. रात्र उलटली कीं निम्मे विसरतात. निवड झाली नाहीं तर पुढल्या वर्षीं तीच वही उपयोगीं पडते, आणि झाली तर गांवांतील धाकट्यास देतां येते. आमच्या मंडळींतील दोघांच्या अशा वह्या आमच्याजवळ आहेत. ज्या शिक्षक बंधूंस त्यांची नक्कल हवी असेल त्यांनीं पत्र पाठवावें.